हलासनाची चौकट आणि आमच्या माना

संपादक महोदय,
स. न.

जून उजाडला की आपल्या अंकात रोज एक आसन छापून येते. परवा हलासन होते. पंचविशीतली मुलगी, पाय डोक्यामागे जमिनीला टेकलेले, चेहऱ्यावर हसू आणि खाली फायद्यांच्या सहा ओळी. हे कुणी करू नये, याची एकही नाही.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालेली बाई. चार वर्षांपूर्वी मोबाइलवर असेच एक चित्र पाहून घरच्या घरी सतरंजीवर हलासन केले. पाय टेकले, याचा आनंद दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी मान वळेना. सहा आठवडे गळ्याला पट्टा. दोष सगळा चित्राचा नव्हे. सुनेसमोर फुशारकी मारायची होती, हेही कबूल करते.

पुढे योग शिकवणाऱ्या ज्या ताईंकडे जाऊ लागले, त्यांनी पहिल्या दिवशी आसन शिकवलेच नाही. बीपी किती, गोळ्या कुठल्या, पोटाचे ऑपरेशन झालेय का, डोळ्यांचे काय, सगळे वहीत उतरवून घेतले. आमच्यातल्या एकीला काचबिंदू निघाला. शीर्षासनात डोळ्यांतला दाब दुपटीपर्यंत चढू शकतो, म्हणून तिचे शीर्षासन त्याच दिवशी बंद. त्याआधी आठ वर्षे ती ते करत होती आणि तिला कुणी काही विचारले नव्हते! मला दोन महिने फक्त भिंत आणि खुर्ची. आता सर्वांगासन करते, पण खांद्यांखाली ब्लँकेटच्या घड्या घेऊन. घडीची गोल कड मानेच्या बाजूला, खांदे घडीवर, डोके खाली सतरंजीवर. चार बोटांच्या त्या उंचीने मान मोकळी राहते. पुण्याच्या अय्यंगार गुरुजींनी दोर, विटा, पट्टे, खुर्च्या आसनांच्या कामी लावल्या, त्याचे मोल मला त्या घडीवर पडल्या-पडल्या कळले. श्वास अडखळला की ताई लगेच खाली उतरवतात. ‘अजून एक मिनिट जमेल हो’ म्हटले तरी ऐकत नाहीत.

गेल्या २१ जूनला, योग दिनी, मंगल कार्यालयात मात्र माइकवरून ‘जोरात, अजून जोरात’ असा कपालभातीचा गजर चालला होता. शेजारची बाई पहिल्यांदाच आली होती. घेरी येऊन आडवी झाली. तिच्या कपाळावर पाणी लावेपर्यंत मंचावरचे पुढच्या आवर्तनाला लागलेही होते. आयुष मंत्रालयाने या दिवसासाठी ४५ मिनिटांचा जो क्रम ठरवला आहे, त्याच्या पुस्तिकेत स्पष्ट आहे : रक्तदाब, हृदयविकार, चक्कर असणाऱ्यांनी कपालभाती टाळावी, हर्निया असेल तर उष्ट्रासन नको. पुस्तिका टेबलावरच होती. माइकवरून वाचले गेले ते फक्त फायदे.

तेव्हा आपल्याला एकच विनंती. रोजच्या चौकटीत ‘कुणी करू नये’ या दोन ओळी फायद्यांच्या वर, त्याच टायपात छापा. आणि एखाद्या दिवशी त्या मुलीऐवजी भिंतीला टेकलेली, खुर्ची धरलेली साठीची बाई दाखवा. फोटोला कुणी मिळत नसेल तर आमच्या वर्गात अकराजणी आहेत. त्यातल्या दोघींना फोटोची हौसही आहे.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, मिरज