पोत्यापासून शेवटच्या नळापर्यंत

प्रिय विन्या,

पर्यावरण अभियांत्रिकीला गेलो तर खेड्यापाड्यांच्या काही कामी येईन का, असं तू विचारलंस. येशील. मात्र दोन वर्षं शिकवतील ते बरंचसं शहरातल्या मोठ्या प्रकल्पांचं असेल. गावातला प्रश्न टीसीएलचं, म्हणजे पाणी निर्जंतुक करायच्या ब्लीचिंग पावडरचं पोतं आणि शेवटच्या घरचा नळ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अडकलेला असतो. अभ्यासक्रम वाचताना हे डोक्यात ठेव.

साधी विहीर घे. व्यास 5 मीटर, पाण्याची खोली 4 मीटर. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले 0.785, म्हणजे 78.5 घनमीटर, 78,500 लिटर. दर हजार लिटरला 5 ग्रॅम टीसीएल या हिशेबाने सुमारे 400 ग्रॅम लागते. आता खरी गोम. हे 5 ग्रॅम ताज्या, 33 टक्के क्लोरीनच्या पावडरसाठी. पोतं उघडंच राहिलं, पावसाळी दमट हवेत गठ्ठे धरले, की क्लोरीन उडून जातो. तो 20 टक्क्यांवर आला तर तेच 400 ग्रॅम लिटरमागे जेमतेम 1 मिलिग्रॅम देतात. पुरा डोस द्यायला 650 ग्रॅम लागतील. 20 च्या खाली गेलेली पावडर वापरूच नये. स्वस्त पडते म्हणून वर्षाची पोती एकदम घेणारी ग्रामपंचायत शेवटच्या महिन्यांत विहिरीत बहुतेक चुनाच टाकत असते. पोतं कपाटाशेजारी ठेवलेलं असेल तर कपाट गंजलेलं दिसतं. उडालेला क्लोरीन तिथे गेलेला असतो.

टाकायची रीतही शीक, पुस्तकात ती एका ओळीत उरकलेली असते. एका बादलीला 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको, म्हणजे आपल्या विहिरीला चार बादल्या. आधी थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवायची, मग बादली पाऊण भरून ढवळायची, दहा मिनिटं निवळू द्यायची. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने विहिरीत सोडायची आणि पाण्याखाली वरखाली हलवायची. तळचा चुना फेकून द्यायचा. विहिरीत गेला तर पाणी आणखी जड होतं. नंतर तासभर पाणी उपसायचं नाही. कोरडी पावडर टाकीच्या झाकणातून मूठमूठ टाकली की ती तळाशी बसते. मग टाकीजवळच्या घरांना वास येतो, ते तक्रार करतात, आणि दुसऱ्या दिवशी डोस निम्म्यावर येतो. टाकीसाठी नळ बसवलेला प्लास्टिकचा कॅन बरा: टाकी भरत असताना निवळीची बारीक धार पाण्याच्या प्रवाहावरच पडू द्यायची.

तरी 5 ग्रॅम हा अंदाजच. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की गाळच क्लोरीन खातो. म्हणून हॉरॉक्सची पेटी हाताळ, आजच्या पाण्याला किती पावडर लागेल ते ती सांगते. एका काळ्या कपात पावडरचं द्रावण, सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी. पहिल्यात द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत. अर्ध्या तासाने प्रत्येकात आयोडाइड-स्टार्चचे तीन थेंब. पहिला स्पष्ट निळा कप तिसरा असेल तर 455 लिटरला पेटीतल्या चमच्याने तीन चमचे, म्हणजे 6 ग्रॅम. हजाराला 13 ग्रॅम झाले की नाही! ठरलेल्या 5 ग्रॅमवर विसंबलेल्या गावात जुलैमध्ये जुलाबाची साथ का येते, ते इथे कळतं.

मोजायचं मात्र शेवटच्या नळावर. तिथे लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा. ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या चाचणी-द्रावणाच्या थेंबांनी आलेला पिवळा रंग लगेच बघ. पंधरा मिनिटांनी बघशील तर संयुक्त क्लोरीनही त्यात मिसळून आकडा फुगलेला दिसेल. टाकीपाशी भरपूर आणि शेवटी शून्य असेल तर पावडर वाढवण्याआधी पाइपलाइन चाल. दिवसातून तासभर पाणी सोडणाऱ्या गावात बाकीचा वेळ पाइप रिकामा असतो आणि सुटलेल्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. हायड्रॉलिक्सचा तो कंटाळवाणा ऋण दाबाचा धडा नेमका याच जागेचा आहे.

भूजलशास्त्राचा पेपर ऐच्छिक असला तरी घे. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून 10 मीटर लांब ठेवतात, पण आपल्या काळ्या पाषाणात भेगा असल्या तर मैला न गाळताच विहिरीत उतरू शकतो. काळ्या मातीत उलट अडचण: ती पाणी शोषतच नाही, म्हणून खड्ड्याभोवती फूटभर वाळूचं आवरण द्यावं लागतं. खड्ड्याचा एकच नकाशा सगळ्या जिल्ह्याला लावला की खड्डे तुंबतात आणि लोक पुन्हा डबा घेऊन निघतात. दोष मग लोकांच्या सवयीवर ढकलला जातो, याची मला चीड आहे.

मुंबईच्या आयआयटीतलं 'सितारा' केंद्र ग्रामीण तंत्रज्ञानासाठीच आहे, त्यांचा एम.टेक. बघ. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत प्रकल्प मिळाला तर प्रयोगशाळेचा हात बसेल.

अर्ज भरण्याआधी एक कर. तुमच्या गावच्या विहिरीचा व्यास आणि आजची पाण्याची खोली टेपने मोज, शिपायाला पोतं कधी उघडलं ते विचार, आणि वेशीकडच्या शेवटच्या नळाची ओटी बघ. हे सगळं कळव, मग डोसाचा हिशेब फोनवर करू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुहास