वॉशिंग मशीनवाल्या काकांचे आभार

मे महिन्यातलं नागपूर, आणि आमच्या फ्रिजचा खालचा भाग कोमट. वर फ्रीजरमध्ये बर्फ मात्र व्यवस्थित! दूध नासलं त्याचं एवढं काही नाही, पण आत आईचं इन्सुलिन होतं. न उघडलेल्या कुप्यांना २ ते ८ अंश लागतात. सर्व्हिस सेंटरने फोनवरच ‘कॉम्प्रेसर गेला असेल, सोमवारी बघू’ म्हणून मोकळं केलं.

शेजाऱ्यांचं वॉशिंग मशीन दुरुस्त करून निघालेल्या काकांनी आईचं बोलणं ऐकलं आणि पिशवी घेऊन आत आले. आधी फ्रिजला हातच लावला नाही. कुप्या रुमालात गुंडाळून स्वतः शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवून आले, मधल्या कप्प्यात. ‘गोठलं की औषध वाया, ताई.’

मग फ्रीजर उघडून दाराचा स्विच बोटाने दाबून धरला, कारण दार उघडलं की पंखा थांबतो. कान लावला. खरखर. कॉम्प्रेसर ठणठणीत होता. मागे साचलेल्या बर्फात पंख्याची पाती अडकली होती, त्यामुळे गार हवा खाली येतच नव्हती. प्लग काढून त्यांनी गरम पाण्याच्या फडक्याने बर्फ वितळवला. सुरी नाही, स्क्रूड्रायव्हर नाही. कॉइलला भोक पडलं तर गॅस जातो. बर्फ साचायचं कारण निघालं डीफ्रॉस्टचा, म्हणजे साचणारा बर्फ आपोआप वितळवणाऱ्या यंत्रणेचा, बिघडलेला थर्मोस्टॅट. तोही उन्हात स्कूटरवर जाऊन आणला आणि पैसे फक्त त्याचेच घेतले.

काका, मनापासून आभार. तुमचा टेस्टर आमच्याकडे राहिलाय. न्यायला या, आणि या वेळी चहा घेऊनच जा.