लो, मीडियम, हाय पुरे, मिलिमीटर सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला, चवथीची गडबड संपली की गोव्यात एअर रायफली पुन्हा कपाटाबाहेर निघतात आणि दरवर्षीचा प्रश्नही निघतो: स्कोपला (नेमाच्या दुर्बिणीला) रायफलीवर धरणाऱ्या रिंगा कुठल्या उंचीच्या घ्यायच्या? दुकानदार विचारतो, 'लो, मीडियम की हाय?' या तीन शब्दांवर विसंबून रिंगा घेणाऱ्यांचे पैसे वाया जातात, म्हणून हे पत्र.

एका कंपनीची मीडियम दुसरीच्या लोपेक्षा बुटकी निघू शकते. उंची कुठून कुठवर मोजायची यावरही एकमत नाही. कोणी रेलच्या, म्हणजे रायफलीवरच्या ज्या पट्टीला रिंगा आवळतात तिच्या, माथ्यापासून रिंगच्या खोबणीच्या तळापर्यंत मोजतो, कोणी रिंगच्या मध्यापर्यंत. स्कोपची नळी एक इंची, म्हणजे 25.4 मिमी असेल तर या दोन मापांत 12.7 मिमीचा फरक पडतो. 30 मिमी नळीला 15 मिमीचा. त्यामुळे एकच रिंग एका खोक्यावर 12 आणि दुसऱ्यावर 25 छापून विकता येते आणि खोटे कोणीच बोललेले नसते.

हिशेब मात्र सोपा आहे. समजा पुढची काच 40 मिमीची आहे. काच बसवलेल्या घंटेचा बाहेरचा व्यास 48 मिमीच्या आसपास भरतो. तो व्हर्नियर कॅलिपरने मोजावा, कॅटलॉगातला 40 धरू नये. निम्मे 24. झाकणाची जाडी 3 आणि मोकळी फट 2 मिळून 29. म्हणजे बॅरलच्या माथ्यापासून स्कोपचा मध्य किमान 29 मिमी वर हवा. रेलचा माथा बॅरलच्या माथ्यापेक्षा 4 मिमी वर असेल तर रेलपासून रिंगच्या मध्यापर्यंत 25 मिमी पुरे. हे झाले घंटेपुरते. वर मॅगझिन डोकावणारी पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल असेल तर घंटेआधी मॅगझिन आडवे येते. ब्रेक-बॅरलमध्ये (बॅरल मोडून भरायच्या रायफलीत) घंटा ब्रीचवर, म्हणजे बॅरलच्या भरायच्या तोंडावर, आली तर पेलेट (छोटी गोळी) भरायला बोटे शिरत नाहीत. बोल्टची मूठ वर उचलली जाते अशा रायफलीत ती मागच्या डोळाकाचेला आपटते का, तेही बघावे.

'स्कोप जितका खाली तितका चांगला' हे अर्धेच खरे. दोन सारख्या रायफलींवर एक स्कोप बॅरलच्या मध्यापासून 38 मिमी वर आणि दुसरा 45 मिमी वर बसवला, दोन्ही 25 मीटरवर झिरो केले, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि मारा जुळवला. आता 10 मीटरवर उंच स्कोपची पेलेट 4.2 मिमी अधिक खाली लागेल आणि 40 मीटरवर तेवढीच अधिक वर. उंचीतला 7 मिमीचा फरक झिरोच्या अंतरावर शून्य होतो आणि अलीकडे-पलीकडे अंतराच्या प्रमाणात उघडत जातो. पेलेटचा वेग कितीही असो. 4.2 मिमी किरकोळ वाटेल, पण 10 मीटरच्या आंतरराष्ट्रीय एअर रायफल कार्डावर एका वर्तुळापासून दुसरे 2.5 मिमीवर असते. (त्या स्पर्धेत स्कोप चालत नाही, बारीक भोकातून बघायची पीप साइट लागते; कार्ड इथे फक्त मोजपट्टी म्हणून घेतले.) जास्त उंचीने रायफल बिघडत नाही, पण मोबाइलवरच्या बॅलिस्टिक ॲपमध्ये खरा आकडा भरावा लागतो, आणि बहुतेक जण तिथे अंदाज ठोकून देतात. बॅरलचा निम्मा व्यास, बॅरलच्या माथ्यापासून स्कोपच्या नळीच्या तळापर्यंतची फट आणि नळीचा निम्मा व्यास, तिन्ही एकाच जागी मोजून बेरीज करावी. 16 मिमीची बॅरल, 22 ची फट आणि एक इंची नळी असेल तर 8 + 22 + 12.7, म्हणजे 42.7.

उंचीचा खरा त्रास गालाला होतो. बहुतेक लाकडी दस्ते उघड्या माशीसाठी, म्हणजे स्कोपशिवायच्या साध्या नेमासाठी, कोरलेले असतात. वर स्कोप चढला की गाल टेकत नाही, हनुवटी टेकते, डोके दर गोळीला वेगळ्या जागी जाते आणि मग पॅरलॅक्स (डोळा सरकला की स्कोपमधला क्रॉस लक्ष्यावर सरकल्यासारखा दिसणे) हिसका दाखवतो. 40 मिमी काचेच्या ज्या स्कोपचा पॅरलॅक्स 100 मीटरला कायमचा बांधलेला आहे, त्याने 10 मीटरवर नेम धरला तर डोळा काठाशी सरकल्याने नेम 18 मिमीपर्यंत चुकू शकतो. पारखायचे असे: रिकामी रायफल डोळे मिटून खांद्याला लावा, गाल आरामात टेकवा, मग डोळे उघडा. चित्राच्या कडेला काळी चंद्रकोर दिसली तर डोळा मध्यावर नाही. स्कोप आणखी खाली जाणार नसेल तर गाल वर आणायचा: दस्त्यावर योगा मॅटचे एक-दोन थर, वरून क्रेप बँडेज घट्ट. दिसायला गबाळे, पण काम चोख होते. मान ताणून जमवून घेतलेली बैठक दहाव्या गोळीला ढळते.

उंच स्कोपमुळे रायफल कलण्याची चूक वाढते, असेही छातीठोकपणे सांगितले जाते. झिरोच्या अंतरावर ते खरे नाही. तिथली चूक पेलेट किती खाली पडते यावर ठरते. साधारण 240 मीटर प्रतिसेकंद वेगाची पेलेट 25 मीटरवर पाच-सहा सेंटिमीटर पडते. रायफल स्कोपसकट 5 अंश कलली तर पेलेट साधारण 5 मिमी बाजूला जाते, मग स्कोप 38 वर असो वा 45 वर.

आता आडव्या ऑफसेटबद्दल, म्हणजे स्कोप बॅरलच्या मध्यापासून बाजूला सरकण्याबद्दल. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन गॅरंड रायफलीत गोळ्यांची क्लिप वरून भरत, म्हणून तिच्या स्नायपर नमुन्यांवर स्कोप डावीकडे सरकवलेला आणि दस्त्याला चामड्याची गादी बांधलेली असे. आपल्याकडे हा ऑफसेट कोणी मुद्दाम ठेवत नाही, तो चुकून येतो. 11 मिमीच्या डव्हटेलचे (रिंग आवळायच्या तिरक्या कडांच्या रेलचे) माप प्रत्येक रायफलीत थोडे वेगळे. रिंगचा एक जबडा स्थिर, दुसरा स्क्रूने सरकणारा. खाच अरुंद असली की सरकता जबडा जास्त आत येतो, रिंग एका अंगाला कलते आणि स्कोपचा मध्य बॅरलवरून ढळतो. 2 मिमी ढळला आणि झिरो 25 ला असेल तर 10 मीटरवर 1.2 मिमी एका बाजूला, 40 वर तेवढाच दुसऱ्या. हे खपून जाते. पण क्रॉसची उभी रेघ बॅरलच्या मध्यातून जात नसेल आणि आपण रेघ सरळ दिसावी म्हणून रायफलच 5 अंश तिरकी धरत असू, तर 45 मिमी उंचीला जवळपास 4 मिमीचा ऑफसेट होतो.

ते पकडायला कपाटाचा आरसा लागतो. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा. पाच मीटरवरून स्कोपमधून आरशातल्या आपल्याच रायफलीकडे बघा. उभी रेघ प्रतिबिंबातल्या स्कोपच्या मध्यातून खाली उतरून बॅरलच्या भोकातूनही गेली पाहिजे. जात नसेल तर रिंगची टोपणे सैल करून स्कोप किंचित फिरवावा. मग चिऱ्याच्या भिंतीवर गवंड्याचा ओळंबा सोडा, रेघ दोरीला जुळवा आणि त्या स्थितीत स्कोपवरची बुडबुडा-लेव्हल पक्की करा. स्कोप रायफलीवर चढवण्यापूर्वी दोन्ही टरेट (नेम वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवायच्या चकत्या) एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजून मध्यावर आणायला विसरू नये.

झिरो करताना टरेटच्या क्लिक (फिरवायचे टप्पे) संपत आल्या तर दोष माउंटमध्ये (रिंगांच्या बैठकीत) किंवा झुकलेल्या बॅरलमध्ये आहे. टरेट टोकाशी नेऊन ठेवला की आतली स्प्रिंग नीट दाबत नाही आणि झिरो भटकतो. रिंगांत 100 मिमी अंतर असेल आणि मागच्या रिंगखाली 0.1 मिमीची पट्टी घातली तर 25 मीटरवर मारा 25 मिमी वर चढतो, म्हणजे एका क्लिकला पाव मिनिट (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकणाऱ्या स्कोपला साधारण 14 क्लिक. 0.2 च्या पुढे पट्ट्या रचू नयेत, नळी वाकते. कोन बदलता येणारा माउंट घ्यावा.

पुढे-मागे सरकवणारा ऑफसेट माउंट डोळ्याच्या अंतरासाठी असतो. ते अंतर साधारण 75 ते 100 मिमी, आणि स्कोप सर्वांत मोठ्या झूमवर ठेवूनच जुळवावे. स्प्रिंग रायफल आधी मागे आणि मग जोरात पुढे हिसडते, त्यामुळे स्कोप रेलवरून मागे घसरतो. खाली उतरणारी स्टॉप पिन असलेला माउंट तिला हवाच. रिंगच्या टोपणाचे स्क्रू 2 न्यूटन-मीटरच्या आसपास, आलटून-पालटून कसावेत आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवावी.

हे सारे कागदी लक्ष्यासाठी आहे. माकडांवर, पाखरांवर रोखायला नव्हे. 1972 चा वन्यजीव कायदा एअर रायफलीलाही लागू आहे.

विक्रेत्यांना विनंती एवढीच: रिंगच्या खोक्यावर रेलपासून मध्यापर्यंतची उंची, नळीचा व्यास आणि डव्हटेल किती ते किती मिमी चालेल, हे तीन आकडे लिहा. छापील नसतील तर काउंटरवर एक कॅलिपर ठेवा, गिऱ्हाईक स्वतः मोजून घेईल.

आपले,
काही एअर रायफल नेमबाज, फोंडा