घसरण मोजताना
महोदय,
आइस हॉकीत एका मोसमात गोल घटले की खेळाडू संपला, असे लगेच लिहिले जाते. हा अन्याय आहे. व्हेगास गोल्डन नाइट्सच्या विल्यम कार्लसनने २०१७-१८ मध्ये ४३ गोल केले, पुढच्या मोसमात २४. पण पहिल्या वर्षी त्याचे तब्बल २३.४ टक्के फटके जाळ्यात गेले होते. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगची सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास. तो दर टिकणारच नव्हता! जोनाथन ह्युबर्डोचे एका मोसमातल्या ११५ गुणांवरून (गोल आणि साथीदाराच्या गोलाला दिलेले पास, म्हणजे असिस्ट, यांची बेरीज) पुढच्या मोसमात ५५ वर येणे मात्र वेगळे. २०२२ मध्ये, या दोन मोसमांच्या मधे, तो फ्लोरिडाच्या संघातून कॅल्गरीच्या संघात गेला. त्या ११५ पैकी ८५ गुण असिस्टचे. म्हणजे ओळखीचे साथीदार सुटणे त्यालाच सर्वाधिक जाचणार. तुलनेत आधी फटक्यांची संख्या आणि बर्फावरची मिनिटे छापावीत.
– एक हॉकीप्रेमी वाचक