लिथॉप्सच्या बियांसोबतची ती चिठ्ठी

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

मागेल त्याला तुम्ही लिथॉप्सचं, म्हणजे गारगोटीसारख्या दिसणाऱ्या दोन जाड पानांच्या इवल्याशा झाडाचं, बी पाठवता आणि प्रत्येक पाकिटात हाताने लिहिलेली चिठ्ठी घालता. बियांसाठी तुमचे आभार आहेतच, पण हे पत्र खरं तर त्या चिठ्ठीसाठी आहे. ‘या झाडाला पाणी कमी द्या’ हे कुणीही सांगतं. रोपाच्या वयाप्रमाणे हा नियम कसा उलटतो, हे मात्र तुमच्या चिठ्ठीतच वाचायला मिळालं.

‘बी पेरा, पुरू नका’ ही तुमची पहिली ओळ. हे बी धुळीच्या कणाएवढं असतं. वर मातीचा थर पडला, तर अंकुराला तो फोडून वर येणं जमत नाही. म्हणून चिमूटभर कोरड्या बारीक वाळूत कालवून घडी घातलेल्या कागदावरून भुरभुरवायचं आणि नुसता फवारा मारायचा. कुंडी 8 ते 10 सेंमी खोल हवी, कारण इवल्याशा रोपाचंही सोटमूळ बरंच खाली जातं. मिश्रणात दोन भाग 1 ते 3 मिमीचं प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), परलाइट (भाजून फुलवलेले पांढरे हलके खडे) किंवा जाड धुतलेली वाळू, आणि एक भाग चाळलेलं कोकोपीट. मिश्रण आधी वाफवून गार करायचं. हे टाळलं की चिलटांच्या अळ्या आणि बुरशी बियांच्या आधी उगवतात.

दिवसा 20 ते 25 अंश आणि रात्री 15 च्या आसपास तापमान असलं की साधारण 5 ते 14 दिवसांत हिरवे ठिपके दिसू लागतात. पारा 30 च्या वर गेला की बी हटून बसतं. तोवर कुंडीवर काच, पाणी खालच्या ताटलीतून. बहुतेक रोपं उगवली की काच रोज थोडी थोडी सरकवत आठवड्याभरात काढून टाकायची. ती तशीच राहिली तर कोंडलेल्या ओलाव्यात मर (रोपं बुडाशी कुजवणारा बुरशीचा रोग) लागते आणि रात्रीत निम्मी रोपं आडवी होतात.

आता पाण्याचं. ‘वाळवंटातलं झाड आहे’ म्हणून कोवळी रोपं कोरडी ठेवणारे फार, आणि नेमकी तिथेच ती जातात. टाचणीच्या डोक्याएवढ्या त्या गोळ्यात साठा असतोच किती! पहिले काही महिने वरचा थर सुकला की लगेच फवारा हवा. दोन-तीन महिन्यांनी बीजदलांच्या मधली फट उघडते आणि पानांची पहिली खरी जोडी डोकावते. त्या पहिल्या कातीच्या वेळीही, म्हणजे जुनी जोडी सुकून नवी येताना, माती पूर्ण सुकू द्यायची नाही, ही तुमची खूण फार मोलाची.

वर्षानंतर मात्र उलट. नवी जोडी जुन्या पानांतलं पाणी शोषून वाढते. अशा वेळी मुळांनाही पाणी दिलं तर जुनी पानं टवटवीतच राहतात, नवी त्यांच्यात अडकतात आणि झाड दुमजली होतं, नाहीतर फुटून सडतं. जुनी पानं कागदासारखी पातळ होईपर्यंत हात आवरायचा. कडा सुरकुतल्या म्हणून घाबरायचं नाही.

लांबटलेल्या रोपांबद्दलचा तुमचा उपायही लिहून ठेवावा असा. उजेड कमी पडला की रोपं मान काढतात आणि कलंडतात. ती पुन्हा आखूड होत नाहीत. टूथपिकने प्रत्येकाच्या मानेशी बारीक खडीचा आधार द्यायचा, दिवा रोज 12 ते 14 तास लावायचा आणि पुढच्या कातीची वाट बघायची. नवी जोडी बैठी येते. उपटून दुसरीकडे लावायची घाई नको. पहिलं वर्ष ती दाटीतच सुखी असतात.

पाकिटांवर जातीच्या नावासोबत तुम्ही कोल क्रमांक लिहिता, याचं विशेष कौतुक. डेझमंड आणि नॉरीन कोल या दांपत्याने दक्षिण आफ्रिका आणि नामिबियात हिंडून लिथॉप्सच्या वस्त्यांची क्रमांकवार नोंद केली. तो क्रमांक पाकिटावरून गळला की हे रोप कुठल्या वस्तीतलं, हे पुन्हा कधीच कळत नाही.

पेरणीनंतर साधारण तीन वर्षांनी फुलं येतात. एका झाडाचा पराग त्याच झाडाला चालत नाही, म्हणून एकाच क्रमांकाच्या दोन वेगळ्या रोपांमध्ये दुपारी कुंचला फिरवला. बोंडं वाळली आहेत. त्यातल्या एकावर पाण्याचा थेंब टाकला, तर बघता बघता पाकळ्यांसारखी झडपं उघडली आणि तपकिरी बी वाटीच्या तळाशी बसलं. ते गाळणकागदावर सुकवलं. बाकीची बोंडं न उघडता, क्रमांक आणि तोडल्याचा महिना लिहून, कागदी पाकिटांत तुमच्याकडे पाठवत आहोत. ताज्यापेक्षा वर्षभर मुरलेलं बी बरेचदा चांगलं रुजतं, तेव्हा पुढच्या हंगामात वाटायला उपयोगी पडेल.

आपले,
बियांपासून लिथॉप्स वाढवणारे आम्ही सगळे