पूरनियोजनात बॅटऱ्यांनाही जागा हवी

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरातल्या पंचगंगेकाठच्या आम्हा रहिवाशांच्या हाती स्थलांतराची नोटीस पडते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचले की सामान माळ्यावर चढवायचे आणि ४३ फुटांची धोका पातळी जवळ आली की घर सोडायचे, हा हिशेब आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले, २०२१ च्या जुलैत पुन्हा तोच प्रसंग आला आणि तेव्हापासून धान्य, कागदपत्रे, जनावरे, गॅसची टाकी यांपैकी काय आधी हलवायचे आणि कुठे ठेवायचे याचे प्रत्येक घराचे आपले शास्त्र ठरून गेले आहे. या शास्त्रात मोबाइलपासून विजेच्या स्कूटरपर्यंत सगळीकडे असणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीला मात्र अद्याप जागा मिळालेली नाही. मी विद्युत ठेकेदार आहे, दुधाळी परिसरात राहतो आणि या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार म्हणाल तर तो मी स्वतः केलेल्या चुकीतून आलेला आहे.

२०२१ च्या पुरात माझे तळमजल्यावरचे दुकान तीन दिवस पाण्याखाली होते. घाईत वायरची बंडले आणि मीटर तेवढे वर नेले. बिनवायरच्या ड्रिल मशीनच्या दोन बॅटऱ्या खालच्या फळीवर राहून गेल्या. पाणी ओसरल्यावर मी त्यांचा गाळ पुसला, ऊन पडेल तशा आठवडाभर वाळवल्या आणि मीटर लावून पाहिले, तर एकीवर सतरा व्होल्ट दिसले. अठरा व्होल्टची बॅटरी सतरा दाखवते म्हणजे ती वाचली, असा समज करून घेऊन मी ती चार्जरला लावली आणि जेवायला बसलो. वीसेक मिनिटांनी शिट्टी होण्याआधी कुकर सुरसुरतो तसा आवाज आला, पाठोपाठ गोडसर पण उग्र वास, आणि दुकानाच्या दाराशी जाईपर्यंत पांढरा धूर. मुख्य बटण बंद करून मी ती बॅटरी फावड्यावर घेतली आणि अंगणात फेकली. आज हे लिहिताना कळते की तेही धाडसच होते. दोन बादल्या पाणी ओतल्यावर ती विझली असे वाटले. अर्ध्या तासाने ती आपोआप पुन्हा पेटली. दुसरी बॅटरी मी चार्जरला लावली नाही, हे सांगण्याची गरज नसावी.

असे का होते हे आम्हा तारेवाल्यांनाही नीट माहीत नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अठरा व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेलमध्ये तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफाइटचा आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर धातूच्या ऑक्साइडचा थर असतो. या दोहोंच्या मध्ये केसाहूनही पातळ असा सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा असतो, आणि हे सगळे ज्या द्रावणात भिजलेले असते ते पेट घेणारे असते. आत कुठे शॉर्ट होऊन तापमान वाढत गेले की साधारण १३० अंश सेल्सिअसच्या आसपास तो पडदा वितळू लागतो, दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात आणि मग बाहेरून वीज तोडली तरी सेल स्वतःच्याच उष्णतेने तापत राहतो. पुढे धातूच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजनही सुटू लागतो, त्यामुळे गोणपाट टाकून हवा तोडण्याचा आपला नेहमीचा उपाय इथे चालत नाही. एक सेल पेटला की त्याच्या झळीने शेजारचा पेटतो. लोह फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या, ज्यांना बाजारात एलएफपी म्हणतात, यापेक्षा बऱ्याच जास्त उष्णतेला टिकतात, परंतु त्यांचे द्रावणही ज्वलनशीलच असते. तेव्हा ‘आमची एलएफपी आहे, तिला काही होत नाही’ हे दुकानदाराचे वाक्य निम्मेच घ्यावे.

आता पुराचे पाणी या बॅटरीचे काय करते ते पाहा. पंचगंगेचे पाणी समुद्रासारखे खारट नाही हे खरे. २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला चक्रीवादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या विजेच्या गाड्या पुढे काही दिवसांनी पेटल्या, तितकी आपल्याकडची स्थिती गंभीर नसेलही. पण पुराच्या पाण्यात गाळ, सांडपाणी आणि शेतातून आलेली खते मिसळलेली असतात आणि असे पाणी विजेला वाट नक्कीच देते. सेल जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या आणि बॅटरीवर लक्ष ठेवणारी छोटी सर्किट पट्टी, म्हणजे बीएमएस, यांवर ते बसते, धातू झिजतो, गंज चढतो, आणि पाणी सुकल्यावरही त्याचा थर आत तसाच राहतो. बाहेरून कोरडी ठणठणीत दिसणारी बॅटरी म्हणूनच आठवड्याने, कधी त्याहून उशिराही दगा देऊ शकते. मीटरवरचे सतरा व्होल्ट यातले काहीच सांगत नाहीत.

‘आमच्या स्कूटरची बॅटरी आयपी ६७ आहे, पाण्याचे भय नाही’ असेही वारंवार ऐकू येते. या आकड्याचा अर्थ एवढाच की ती एक मीटर खोल स्वच्छ पाण्यात अर्धा तास ठेवून तपासलेली आहे. शाहूपुरीत किंवा प्रयाग चिखलीत पाणी किती पुरुष चढले आणि किती दिवस उभे राहिले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अर्ध्या तासाचे हे आश्वासन किती पुरेल ते मी सांगायला नको. बुडालेली गाडी सुरू करून पाहू नये, चार्जरला लावू नये, आणि घराच्या आत किंवा गोठ्याला टेकून ठेवू नये. ती उघड्यावर, भिंतीपासून आणि दुसऱ्या वाहनांपासून लांब उभी करून कंपनीच्या अधिकृत केंद्राला कळवावे. मोबाइल, लॅपटॉप, मुलांची रिमोटची गाडी, फवारणीच्या पंपाची लिथियम बॅटरी यांनाही हाच नियम. तांदळाच्या डब्यात मोबाइल पुरून ठेवण्याचा घरगुती उपाय बॅटरीच्या आतला गंज काढू शकत नाही.

खरे तर हे सगळे टाळायचे तर पाणी येण्याआधीचे दोन दिवस महत्त्वाचे आहेत. पेट्रोलची दुचाकी आपण शेवटच्या क्षणी ढकलत नेतो, कारण ती भिजली तर मेकॅनिकचे बिल येते, एवढेच. विजेची गाडी मात्र इशारा पातळीलाच उंचावर हलवावी. बॅटरी निघणारी असेल तर काढून वर न्यावी, पण ती पूर्ण भरून नेऊ नये. पूर येणार म्हटले की वीज जायच्या आत जे दिसेल ते चार्ज करून ठेवण्याची आपल्याला सवय आहे. मोबाइल आणि पॉवर बँकेपुरती ती योग्यच आहे, कारण त्या दिवसांत फोन हाच आधार असतो. स्कूटरची बॅटरी मात्र काही दिवस पडून राहणार असेल तर निम्म्याच्या आसपास भरलेली बरी. पूर्ण भरलेल्या बॅटरीत साठलेली ऊर्जा जास्त, म्हणून बिघाड झाला तर भडकाही मोठा. विमानाने मालवाहतूक करताना सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त भरलेल्या चालत नाहीत, त्यामागेही हाच विचार आहे. आणि वर नेलेली ही बॅटरी वर आणलेल्या गॅसच्या टाकीशेजारी, गाद्यांच्या ढिगावर किंवा जिन्यात ठेवू नये.

जिन्याचा उल्लेख मुद्दाम केला. शिवाजी पेठेतील किंवा मंगळवार पेठेतील जुन्या वाड्यांत मी वायरिंगच्या कामासाठी जातो तेव्हा सर्रास दिसते ते असे की लाकडी जिन्याखालच्या कोनाड्यात स्कूटर रात्रभर चार्जिंगला लावलेली असते आणि वरच्या मजल्यावरची माणसे खाली येण्याचा तो जिना हा एकच मार्ग असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला विजेच्या स्कूटरच्या विक्री दालनात आग लागली आणि वरच्या हॉटेलात उतरलेली आठ माणसे प्राणाला मुकली. धूर जिन्याने वर चढला की काय होते ते तिथे दिसले. त्याच वर्षी देशात ठिकठिकाणी स्कूटर पेटल्यानंतर केंद्र सरकारने विजेच्या दुचाकींच्या बॅटरी-सुरक्षेचे एआयएस १५६ हे मानक कडक करून १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. पण ते कारखान्यातून येणाऱ्या गाडीसाठी. ॲसिडच्या बॅटऱ्या काढून गल्लीतल्या दुकानात लिथियमचा पॅक बसवून घेतलेल्या कितीतरी गाड्या आपल्या शहरात फिरत आहेत, आणि त्यांचे मालक चार्जर मात्र जुनाच वापरतात. ४८ व्होल्टचा तेरा सेलांचा लिथियम पॅक ५४.६ व्होल्टला पूर्ण भरतो; ॲसिडच्या बॅटरीचा चार्जर ५८ व्होल्टच्या पुढेही जातो. मध्ये बीएमएस असते म्हणून निभावते. ते बीएमएस स्वस्तातले असेल, किंवा एकदा पुरात भिजलेले असेल, तर निभावेलच याची हमी कोण देणार? दोन्ही चार्जरच्या पिना सारख्याच असतात ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

आग लागलीच तर शक्य असल्यास मुख्य बटण बंद करावे, खोलीचे दार ओढून घ्यावे, माणसे बाहेर काढावीत आणि १०१ ला फोन करताना ‘लिथियम बॅटरी पेटली आहे’ असे स्पष्ट सांगावे. यातून निघणाऱ्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, तेव्हा माझ्यासारखे फावडे घेऊन जवळ जाऊ नये. कोरड्या पावडरच्या नळकांड्याने ज्वाळा बसते, पण सेल थंड होत नाही. थंड करायला भरपूर पाणीच लागते. वीज तोडलेली असेल तर ते लांबून मारायला हरकत नाही, आणि विझल्यानंतरही कित्येक तास त्यावर लक्ष ठेवावे लागते. ‘लिथियमवर पाणी टाकू नये’ हा शाळेतल्या प्रयोगातून आलेला समज शुद्ध लिथियम धातूपुरता खरा आहे.

सर्वांत अडचणीचा प्रश्न पुरानंतरचा आहे. बुडालेल्या, फुगलेल्या, मेलेल्या बॅटऱ्या द्यायच्या कुठे? केंद्राचे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ सांगतात की नागरिकाने जुनी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन किंवा पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावी आणि ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र असते ते यासाठीच. प्रत्यक्षात गाळ काढण्याच्या धांदलीत भिजलेल्या गाद्यांबरोबर बॅटरीही कचऱ्याच्या ढिगावर जाते, गाडीत दाबली जाते, आणि तिथून कसबा बावड्याच्या झूम या कचरा प्रकल्पावर. नाहीतर भंगारवाल्याकडे, जो तांबे मिळेल या आशेने ती छिन्नीने फोडतो. त्या बिचाऱ्याला कुणी काही सांगितलेले नसते.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत महापालिकेला आणि जिल्हा प्रशासनाला माझी विनंती आहे, की स्थलांतराच्या नोटिशीत विजेच्या गाड्या आणि बॅटऱ्यांसाठी चार ओळी घालाव्यात. निवारा केंद्रांवर चार्जिंगची सोय झोपण्याच्या जागेपासून वेगळी, उघड्या व्हरांड्यात करावी. आणि पाणी ओसरल्यावर पहिला महिनाभर प्रत्येक पूरबाधित प्रभागात बिघडलेल्या बॅटऱ्या स्वीकारणारी एक जागा ठेवावी. त्यासाठी मोठा खर्च नाही. झाकणाचे पत्र्याचे पिंप, कोरडी वाळू, बॅटरीच्या टोकांवर लावायला चिकटपट्टी आणि समज दिलेला एक माणूस पुरे. गल्लोगल्लीच्या तालमी आणि तरुण मंडळे पुरात होड्या चालवतात, जेवण पोहोचवतात. त्यांना एक दुपार बसवून अग्निशमन दलाने हे समजावून दिले तर नोटिशीपेक्षा लवकर घरोघरी पोहोचेल.

माझ्यापुरते सांगायचे तर, गेल्या काही वर्षांत गिऱ्हाइकांनी ‘तुम्हीच बघा काय ते’ म्हणून आणून दिलेल्या अकरा मेलेल्या बॅटऱ्या माझ्या अंगणाच्या कोपऱ्यात वाळूच्या डब्यात आहेत. दरवर्षी पाणी ३९ फुटांकडे सरकू लागले की तो डबा मी सम्राटनगरला धाकट्या बहिणीच्या गच्चीवर नेऊन ठेवतो आणि दिवाळीच्या आत परत आणतो. यंदा तिने नको म्हटले आहे. डबा कुठे नेऊन द्यावा, एवढे संबंधितांनी कळवावे.

आपला विश्वासू,
एक विद्युत ठेकेदार, दुधाळी परिसर, कोल्हापूर