हवालदार दादांचं रविवारचं टेबल

सप्रेम नमस्कार.

आपले हवालदार दादा गेले, त्याला दोन महिने होत आले. शोकसभेत जो उठला त्यानं आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरची लढाईच सांगितली. डिसेंबर १९७१. पहिल्या मराठा बटालियननं, म्हणजे जंगी पलटणीनं, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरची मागची वाट अडवली होती. ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी समोरच्या पाकिस्तानी सीओला, म्हणजे कमांडिंग ऑफिसरला, शरण येण्याची चिठ्ठी धाडली, तर उत्तराच्या कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी आली. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. दादाही हीच गोष्ट रंगवून सांगत. पण "त्या रात्री तुम्ही कुठं होतात?" म्हटलं, की "होतो तिथंच" एवढंच बोलून पेपर उघडायचे.

आमच्या ओळखीचे दादा मात्र जमालपूरचे नव्हते. पेन्शनवर आल्यावर त्यांनी बँकेत वॉचमनची नोकरी केली, तिन्ही मुलांची शिक्षणं केली, आणि दर रविवारी दहा ते एक वाचनालयाच्या ओसरीवर टेबल टाकून बसले. समोर कुणी तरी सैनिकाची विधवा, तिच्या हातात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. दादा सगळे कागद पसरायचे आणि पट्टी ठेवून नाव अक्षर अक्षर वाचायचे. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आधारवर तिसरंच, आणि नवऱ्याच्या डिस्चार्ज बुकात इंग्रजी स्पेलिंगचा चौथा प्रकार. एवढ्यावरून कुटुंब निवृत्तिवेतन अडतं, वर्षानुवर्षं अडतं. मग प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात खेटे, रेकॉर्ड ऑफिसला पत्र. मराठा रेजिमेंटचा माणूस असला तर बेळगावला दादा स्वतः फोन लावायचे, आणि फोनवर आवाज एकदम परेडचा व्हायचा.

मागच्या आठवड्यात काकूंनी त्यांची काळी ट्रंक उघडली. वर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. आत '९९ एपीओ', म्हणजे लष्करी टपालाच्या, पत्त्याची आंतर्देशीय पत्रं. एकातही लढाईचा शब्द नाही. थोरलीचा खोकला, विहिरीचं पाणी, असलंच सगळं. डिस्चार्ज बुकात घडी घातलेला एक कागद निघाला. त्यावर पेन्सिलीनं काढलेला लहान पाऊलठसा. रजेवर येताना थोरलीला बूट आणायचे होते, म्हणून काकूंनी माप पाठवलं होतं. ते त्यांनी पन्नास वर्षांहून जास्त जपलं, आणि घरात कुणाला पत्ता नाही.

समितीत स्मारक-कमानीचा विषय निघाला होता. काकू म्हणाल्या, "कमानीवर कबुतरं बसतील. त्यांचं टेबल चालू ठेवा." विषय तिथंच मिटला.

तर टेबल चालू ठेवायचं आहे, त्यासाठी हे आवाहन. सगळ्यात जास्त गरज माणसांची आहे. महिन्यातून एक रविवार बसेल आणि सरकारी इंग्रजी पत्र नीट वाचून समजावून सांगेल असं कुणीही चालेल. आता पेन्शनचं काम 'स्पर्श' पोर्टलवर असतं, हयातीचा दाखलाही तिथंच. त्यामुळं कॉलेजची मुलं आली तर फार बरं. पैसेही लागतील: प्रिंटर, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रांचा खर्च, म्हाताऱ्या बायांचं एसटीचं भाडं. रक्कम कितीही द्या, पावती घ्या. हिशेब दर तीन महिन्यांनी वाचनालयाच्या फळ्यावर लागेल.

आणि दादांबरोबर कुणी नोकरी केली असेल, कुणाच्या वडिलांकडून त्यांच्याबद्दल काही ऐकलं असेल, तर येऊन सांगा. आम्ही रेकॉर्ड करून ठेवू. पत्रं, फोटो आणलेत तर स्कॅन करून त्याच दिवशी परत मिळतील. घरातल्या कुणाची जुनी पदकं पडून असतील तर मोडीत घालू नका. कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, त्यावरून पलटणीचा माग लागतो.

दादांच्या फायलीत सात अर्ज अर्धवट आहेत. त्यातल्या एक आजी गेल्या रविवारी येऊन रिकाम्या ओसरीवर एकपर्यंत बसून गेल्या. येत्या रविवारी दहा वाजता टेबल लागेल. येताना चष्मा आणा.

आपला,
कार्यवाह, वाचनालय समिती व माजी सैनिक मंडळी